ब्रेकिंग बॅड: कोणाचा शेवट लागला, कोणाचा राहिला?

चकोरी

(सूचना: 'ब्रेकिंग बॅड', 'एल कॅमिनो' आणि 'बेटर कॉल सॉल', तिन्हींचे शेवट खाली उघड झालेले आहेत. पाहायचं राहिलं असेल तर इथूनच परत फिरा.)

रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्ट आणि त्याचा जुना विद्यार्थी जेसी मेथ हे अमली द्रव्य बनवायला लागतात, त्याची मूळ मालिका २९ सप्टेंबर २०१३ ला संपली, ६२ भागांत. मग ११ ऑक्टोबर २०१९ ला जेसीवरचा 'एल कॅमिनो' आला आणि १५ ऑगस्ट २०२२ ला वॉल्टच्या वकिलावरच्या, सॉलवरच्या 'बेटर कॉल सॉल'चा शेवटचा भाग. आता या गोष्टीत नवं काही येईल असं वाटत नाही, तेव्हा कोणाचं काय झालं हे एकदा एका जागी लिहून काढूया.

माझं मत आधीच सांगते. गुन्ह्यात ज्यांचे हात होते त्यांचे हिशेब लेखकांनी चोख मिटवले. वॉल्ट, टोळीवाला जॅक, त्याच्या टोळीतला टॉड, धंद्यातली भागीदार लिडिया, सॉल, सगळ्यांचे. पण ज्यांचा कशाशी काही संबंध नव्हता ती माणसं वाऱ्यावर सोडली. वॉल्टच्या टोळीच्या ट्रेन दरोड्यात मारला गेलेला ड्र्यू शार्प हा मुलगा घ्या. त्याच्या आईवडलांना कधी काही कळलं का? तुम्हाला हे पटतं का, आणि तुमच्या यादीत अजून कोण आहे?

बाभळीचा काटा

सुरुवात सॉलच्या अंगरक्षकापासून, ह्युएलपासून, कारण तो प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. पाचव्या सिझनमध्ये वॉल्टचा मेहुणा, अमली पदार्थविरोधी अधिकारी हँक, आणि त्याचा साथीदार गोमेझ त्याला गाठतात. कसायाकडून आणलेलं मांस डोक्याशी ठेवून काढलेला जेसीचा खोटा फोटो दाखवतात आणि वॉल्ट एकेकाला संपवत सुटलाय असं त्याच्या गळी उतरवतात. घाबरून तो वॉल्टच्या पैशांच्या पिंपांचं सगळं सांगून टाकतो. मग त्याला 'इथून हलू नकोस, फोन उचलू नकोस' असं बजावून दोघं निघून जातात आणि त्याच दिवशी वाळवंटात मारले जातात. त्यामुळे ह्युएल वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून आहे हा चाहत्यांचा आवडता विनोद झाला.

उत्तर 'बेटर कॉल सॉल'च्या सहाव्या सिझनमधल्या अकराव्या भागात आहे (त्या भागाचं नावच 'ब्रेकिंग बॅड'). ओमाहाहून जीन (नाव बदलून लपलेला सॉल) सार्वजनिक फोनवरून आपल्या जुन्या सेक्रेटरीला, फ्रान्चेस्काला, फोन करतो, तेव्हा ती सांगते की ह्युएलला खोट्या सबबीखाली अडकवलेलं असल्याने सोडून द्यावं लागलं आणि तो न्यू ऑर्लीन्सला आपल्या घरी गेला. सॉलचा दुसरा माणूस कुबी फरार आहे. वॉल्टच्या बायकोचा, स्कायलरचा, सरकारशी समझोता झाला. एका फोनमध्ये चार-पाच गाठी सोडवल्या आहेत.

रुमाल

तरी मला तो अजून खुर्चीतच बसलेला दिसतो :)

तिसरी घंटा

चकोरी, लिडियाचा हिशेब 'चोख' म्हणालात तिथे थोडं थांबते. शेवटच्या भागात ती मेलेली दाखवलेलीच नाही. चहात स्टेव्हियाची पुडी टाकते, रात्री अंथरुणात आजारी पडलेली असते आणि टॉडच्या फोनवर वॉल्ट तिला काय झालंय ते सांगतो, एवढंच. 'एल कॅमिनो'मध्ये ह्यूस्टनच्या एका बाईवर विषप्रयोग झाल्याची आणि ती वाचण्याची आशा नसल्याची बातमी कानावर पडते. म्हणजे मृत्यू नक्की, पण तो दाखवलाय बातमीतल्या एका वाक्यात.

मला मात्र तिच्या मरणापेक्षा त्या पुडीतल्या विषाचा, रायसिनचा, प्रवास जास्त भावतो. लांबवर पसरलेला धागा न विसरता शेवटपर्यंत कसा न्यावा याचा तो नमुना आहे. दुसऱ्या सिझनमध्ये टुको या गुंडासाठी ते पहिल्यांदा बनतं. वॉल्ट ते टुकोच्या जेवणात मिसळतो, पण म्हातारा हेक्टर घंटी वाजवून वाजवून डाव उधळतो. चौथ्या सिझनमध्ये वॉल्टचा मालक गस याच्यासाठी नव्याने बनतं आणि जेसीच्या सिगारेटमध्ये लपवलं जातं. तेही गसपर्यंत पोचत नाही. जेसीच्या मैत्रिणीचा मुलगा ब्रॉक आजारी पडतो तो लिली ऑफ द व्हॅली या विषारी झाडाने, पण सिगारेट ह्युएलने आधीच उडवलेली असल्यामुळे जेसीला वाटतं रायसिनच. पुढे वॉल्ट खोटी कुपी जेसीच्या घरात फिरणाऱ्या झाडू-यंत्रात टाकून त्यालाच सापडू देतो आणि खरी आपल्या झोपायच्या खोलीत प्लगच्या पाटीमागे दडवतो. पाचव्या सिझनच्या मध्यावर, उजाड झालेल्या घरात येऊन तो ती बाहेर काढतो, पण कोणासाठी ते आपल्याला आणखी सात भाग कळत नाही. दोघांसाठी बनवलं, दोघांनाही लागलं नाही, आणि तिसरीला लागलं.

ओसरी

+१. आणि जेसीला जे कळतं तेही ह्युएलच्याच बोटांमुळे. 'कन्फेशन्स'मध्ये खिशातला गांजा गायब झाल्याचं लक्षात येतं, हातात सिगारेटचं पाकीट असतं, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या त्याला सगळं जुळतं. एकही संवाद नाही.

पण एक फट आहेच. ब्रॉकला ती वनस्पती वॉल्टने नेमकी कधी आणि कशातून दिली हे पडद्यावर कधीच येत नाही. फक्त परसदारातल्या कुंडीवर कॅमेरा थांबतो.

वहीखाते

पैशांवर कोणी बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

गोदामातला वॉल्टच्या पैशांचा ढीग साधारण ८ कोटी डॉलरचा. तो सात पिंपांत भरून वाळवंटात पुरला. जॅकने सहा नेली आणि एक, म्हणजे साधारण १ कोटी १० लाख, वॉल्टला ठेवलं. न्यू हॅम्पशायरमध्ये लपून काढलेल्या महिन्यांनंतर ग्रे मॅटर कंपनीतल्या जुन्या भागीदारांच्या, ग्रेचेन आणि एलियटच्या, टेबलावर तो जे रचतो ते ९७ लाख २० हजार. अमेरिकेची कुठलीही नोट एक ग्रॅमची असते. सगळ्या शंभराच्या धरल्या तरी ९७,२०० नोटा, म्हणजे ९७ किलो कागद. लहान नोटा असतील तर आणखी जास्त.

आता अडचण बघा. वॉल्टची अट अशी की मुलाच्या अठराव्या वाढदिवशी, त्या दिवसापासून दहा महिने दोन दिवसांनी, हे पैसे रद्द न होणाऱ्या ट्रस्टमधून त्याला द्यायचे. कर आणि वकिलाची फी त्यातूनच जायला हवी, तुमचा एक पैसाही लागता कामा नये. पण बँकेत १० हजार डॉलरच्या वर रोकड भरली की बँकेला सरकारला कळवावंच लागतं. ते चुकवायला तुकडे करून भरले तर तो वेगळा गुन्हा. तेव्हा ९७ किलो रोकड ट्रस्टमध्ये जायला सरळ वाट नाहीच. एकच मार्ग उरतो: रोकड लपवून ठेवायची, ट्रस्टला आपल्या खात्यातून चेक द्यायचा आणि रोकड आयुष्यभर किरकोळ खर्चात जिरवायची. म्हणजे वॉल्टची 'तुमचा पैसा नको' ही अट पहिल्याच दिवशी मोडते. त्याने सगळं ठरवलं, पण ज्या एका मुद्द्यावर त्याचा अहंकार अडला होता तोच मुद्दा पाळता येण्यासारखा नाही.

रानवारा

वहीखाते, गणित मान्य, निष्कर्ष नाही. त्या दोघांनी पोलिसांना सगळं सांगून टाकलं असेल ही शक्यता तुम्ही धरलीच नाही. त्यांना धमकी होती ती काचेतून छातीवर पडलेल्या दोन लाल ठिपक्यांची, आणि ते होते जेसीच्या मित्रांच्या, बॅजर आणि स्किनी पीटच्या, हातातले लेझर पॉइंटर. वॉल्ट मेल्याची बातमी आल्यावर ग्रेचेन-एलियट आठवडाभर तरी गप्प बसतील का?

वहीखाते

बसतील असं मला वाटतं. वॉल्टने 'दोन मारेकरी नेमलेत, मी मेलो तरी ते लक्ष ठेवतील' हे अशा पद्धतीने सांगितलंय की तो मेल्याने भीती कमी होत नाही, वाढते. शिवाय व्यसनमुक्ती केंद्रांसाठी त्यांनी नुकतेच २ कोटी ८० लाख जाहीर केलेले, टीव्हीवरच्या मुलाखतीत. लोकांच्या नजरेत वॉल्टच्या मुलाला, फ्लिनला, दिलेली मदत त्याच ओळीत बसते. वॉल्टने ही जोडी निवडली ती त्याच मुलाखतीनंतर, हे विसरू नका.

सांजवात

आणि फ्लिन घेईल का? 'ग्रॅनाइट स्टेट'मध्ये वडलांनी मित्राच्या पत्त्यावर एक लाख पाठवायचं म्हटलं तर पोरगा शाळेच्या फोनवर ओरडून सांगतो की तू मर. यातून शिकून वॉल्ट आपलं नावच काढून टाकतो. ते पैसे खरोखर मिळाले तर पोराला कधीच कळणार नाही की ते कोणाचे. मला ही या मालिकेतली सगळ्यात कठोर शिक्षा वाटते: कुटुंबासाठी केलं असं म्हणत सगळं केलं, आणि कुटुंबाला द्यायचं तर दुसऱ्याच्या हाताने.

रुमाल

जॅकच्या सहा पिंपांचं काय झालं मग? ८ कोटीतून एक पिंप वजा केलं तरी ६ कोटी ९० लाखांच्या आसपास उरतात.

बाभळीचा काटा

याचं उत्तर मुद्दाम दिलेलं नाही. जखमी जॅक जमिनीवर पडून सिगारेट ओढत वॉल्टला सांगू बघतो की पैसे हवे असतील तर मला मारू नकोस, मी मेलो तर कुठे आहेत ते कधीच कळणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत वॉल्ट गोळी घालतो. हँकला मारताना जॅकनेही त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. ती परतफेड आहे. तेव्हा तो पैसा सुटलेला धागा नसून वॉल्टने स्वतःच्या हाताने तोडलेला धागा आहे.

टॉडचा वाटा तेवढा 'एल कॅमिनो'त सापडतो, फ्रिजच्या दारात.

कडीपत्ता

थोडं अवांतर. शेवटी वॉल्ट जॅकच्या टोळीला संपवतो ती बंदूक कशी चालली यावर प्रत्येक चर्चेत चुकीचं लिहिलं जातं म्हणून. एम-६० मशीनगन गाडीच्या डिकीत, गॅरेजचं दार उघडणाऱ्या यंत्राच्या भागांवर बसवलेली. बटण गाडीच्या चावीच्या रिमोटवर. म्हणूनच वॉल्ट गाडी सांगितलेल्या जागी उभी न करता खोलीला आडवी लावतो, नाहीतर बंदुकीचं तोंड भिंतीकडे आलं नसतं. घोळ होतो तो झडतीत: चाव्या काढून पूलच्या टेबलावर ठेवल्या जातात. सगळी योजना त्या दोन-तीन फुटांवर अडते. आणि गोळ्या कमरेच्या उंचीवर फिरतात, म्हणून जेसीला खाली पाडलं की तो वाचतो. जेसीशी भांडणाचं नाटक करून त्याच्या अंगावर झेप घेणं हाच एक मार्ग उरला होता. वॉल्टला लागते ती त्याच्याच बंदुकीची गोळी.

चकोरी

अवांतर नाही, शेवटाचाच भाग आहे. जेसीबद्दल कोणी नीट लिहील का? 'एल कॅमिनो' अनेकांनी पाहिलेला नसतो.

तिसरी घंटा

लिहिते. टॉडची गाडी घेऊन जेसी स्किनी पीटच्या घरी पोचतो. गाडीत माग काढणारं यंत्र आहे हे भंगारवाल्या ओल्ड जोला ती न्यायला आल्यावर कळतं आणि तो पळ काढतो. मग पीट सगळी वाटणी लावतो: बॅजरची गाडी जेसीला, पीटची गाडी बॅजर मेक्सिकोच्या सीमेकडे नेऊन सोडणार म्हणजे पोलीस तिकडे शोधत बसतील, आणि टॉडची गाडी पीटच्या दारात. निघताना डोक्यावरची टोपीही देतो. पुढे तीन वर्षांनी आलेल्या 'बेटर कॉल सॉल'च्या त्या भागात फ्रान्चेस्का फोनवर सांगते की जेसीची गाडी सीमेजवळ सापडली. पीटची हूल अजून टिकून आहे हे त्यावरून कळतं.

माणसं गायब करणारा एड, तो व्हॅक्यूम क्लीनरच्या दुकानवाला, मागतो अडीच लाख. सव्वा लाख या खेपेचे आणि सव्वा लाख मागल्या वेळी जेसी रस्त्यावरून निघून गेला त्याचे. टॉडच्या घरच्या पैशांतून वाटणी होऊन जेसीकडे जे येतं ते १,८०० डॉलरने कमी पडतं, आणि एड एक डॉलर सोडत नाही. म्हणून जेसी नील कँडीच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो. ज्या साखळीच्या रुळावर जॅकच्या टोळीने जेसीला प्रयोगशाळेत बांधून ठेवलं होतं तो रूळ याच नीलने बनवलेला. तिथली गोळाबारी, मग अलास्कातलं हेन्स, नवं नाव, आणि एडच्या हातात ब्रॉकसाठी एक पत्र. पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला वाचायला मिळत नाही.

एडचं काम केलेल्या रॉबर्ट फॉर्स्टरचं निधन हा चित्रपट आला त्याच दिवशी झालं.

रानवारा

सुटे धागे म्हणाल तर सगळ्यात मोठं काम 'बेटर कॉल सॉल'ने केलंय. दुसऱ्या सिझनच्या आठव्या भागात वॉल्ट-जेसी सॉलला वाळवंटात खड्ड्यासमोर गुडघ्यांवर बसवतात, तेव्हा तो घाबरून 'मी नाही, इग्नासिओने केलं' असं काहीतरी बरळतो आणि 'लालोने पाठवलं नाही ना?' असं विचारतो. भागाचे लेखक पीटर गूल्ड. तेव्हा ती फक्त दोन नावं होती. त्यातून नाचो (म्हणजे इग्नासिओ) आणि लालो ही दोन पूर्ण माणसं उभी केली, त्यांचे मृत्यू दाखवले, आणि तरी ते जुनं वाक्य खोटं पडू दिलं नाही. लालो एकदा मेला म्हणून सांगितलं होतं आणि तो दारात येऊन उभा राहिला. सॉल त्याला पुन्हा मेलेला मानायला धजावत नाही, त्यात नवल काय?

सांजवात

पण त्याच मालिकेने एक नवी जखम उघडी ठेवली. वकील हॉवर्ड हॅम्लिन. तो आणि लालो एकाच खड्ड्यात, गसच्या अर्धवट बांधलेल्या प्रयोगशाळेच्या जमिनीखाली. वरून काँक्रीट. नंतर वॉल्ट-जेसी त्याच जमिनीवर महिनोन्‌महिने काम करतात. चौथ्या सिझनच्या शेवटी प्रयोगशाळा जळते, हँकची माणसं राख चाळतात, आणि खाली कोणी खणत नाही. हे माहीत असताना मूळ मालिका पुन्हा पाहिली तर प्रयोगशाळेतला प्रत्येक प्रसंग वेगळा दिसतो.

सॉलची बायको किम पुढे हॉवर्डच्या बायकोला, शेरिलला, सगळं लिहून देते. नवऱ्याचं नाव स्वच्छ होतं. पण देह कुठे आहे ते किमलाही माहीत नाही. गसचा माणूस माइक याने किम आणि सॉलला फक्त काय बोलायचं ते पढवलं होतं. ज्यांना जागा माहीत होती ते कोणी उरलेले नाहीत.

कडीपत्ता

हँक आणि गोमेझचं मात्र उलट झालं. त्यांचे देह सापडले, ते वॉल्टमुळे. पिंपं पुरल्यावर जागेचे अक्षांश-रेखांश त्याने लॉटरीच्या तिकिटाचे आकडे म्हणून निवडले होते (३४, ५९, २०, १०६, ३६, ५२) आणि तिकीट फ्रिजवर लावलं होतं. त्याच खड्ड्यात जॅकने दोघांना पुरलं. शेवटच्या भेटीत तिकीट स्कायलरच्या हाती, सौदा करायला. 'बेटर कॉल सॉल'च्या शेवटच्या भागात, 'सॉल गॉन'मध्ये, हँकची पत्नी मरी आणि गोमेझची पत्नी ब्लांका कोर्टात दिसतात. सॉल साडेसात वर्षांवर आणलेली शिक्षा भर कोर्टात कबुली देऊन ८६ वर्षांवर नेतो. मरीसमोर ते घडतं, आणि तेच तिचं उत्तर.

ओसरी

गसचा चिलीतला भूतकाळ आणि ग्रे मॅटर का फुटलं, हे दोन धागे कोणी काढले नाहीत. दोन्ही शेवटपर्यंत बंदच. कार्टेलचा प्रमुख डॉन एलाडिओ गसला जिवंत सोडताना म्हणतो की तू कोण आहेस ते मला माहीत आहे म्हणून. 'बेटर कॉल सॉल'मध्ये सहा सिझन असूनही ते उघडलं नाही. वॉल्टने आपला हिस्सा ५ हजार डॉलरला विकला आणि कंपनी २१६ कोटींची झाली हे तो स्वतः सांगतो, पण ग्रेचेनला सोडून तो का निघाला ते तो कधी सांगत नाही. मला यात तक्रार नाही. झाकलेलं गूढ वेगळं, विसरलेला माणूस वेगळा.

चकोरी

हेच म्हणायचं होतं मला. विसरलेल्यांची यादी करूया.

बाभळीचा काटा

डोनाल्ड मार्गोलिस, जेसीच्या मेलेल्या मैत्रिणीचे, जेनचे, वडील. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कामावर परतले, दोन विमानं धडकली, १६७ माणसं गेली. तिसऱ्या सिझनमध्ये रेडिओवर कळतं की त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्यांना रुग्णालयात नेलंय. वाचले की नाही ते कधीच नाही.

केली, माइकची नात. तिच्या नावावरचे वीस लाख एकदा सरकारजमा. दुसऱ्यांदा वॅक्सबर्गर वकील बँकेत लॉकर भरताना गोमेझच्या हाती सापडतो, ते पैसेही गेले. आणि आजोबा तिला बागेत झोक्यावर सोडून जातो. तिथे पोलीस उभा आहे म्हणून ती सुरक्षित, एवढाच काय तो दिलासा.

वहीखाते

ड्र्यू शार्पकडे वळतो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तोच. कोणाकोणाला माहीत होतं ते मोजा. तिथे चौघं हजर: वॉल्ट, जेसी, टॉड आणि जरा लांब माइक. मोटरसायकलचे तुकडे करून पिंपात आम्लात विरघळवली, मग त्या मुलालाही. तेव्हा सापडण्यासारखं काही उरलं नाही. पुरावा एकच: हँकच्या घरी गोमेझने कॅमेऱ्यावर घेतलेली जेसीची कबुली. ऐकणारे हँक आणि गोमेझ, दोघं मेले. टेप जॅकच्या टोळीने मरीचं घर फोडून नेली, त्यात टॉडचं नाव आलेलं पाहून जेसीला मारायला निघाले होते. ती टोळीही संपली. म्हणजे पृथ्वीवर एकटा जेसी उरतो आणि तो हेन्समध्ये दुसऱ्या नावाने.

सांजवात

जेसीलाच माहीत असलेले बळी एक नव्हे, दोन. 'एल कॅमिनो'तली सोनिया, टॉडकडे साफसफाईला येणारी. विश्वकोशाच्या पुस्तकांत लपवलेले पैसे तिला सापडले, तिने ते प्रामाणिकपणे टॉडला दाखवले, आणि त्याने तिचा गळा आवळला. पुरायला टॉड जेसीला घेऊन गेला. तिचा देह तरी जमिनीत आहे. जेसीला जागा माहीत आहे. एक निनावी चिठ्ठी पोलिसांना धाडली तर तिच्या माणसांना ती परत मिळू शकते.

रानवारा

एडने ब्रॉकचं पत्र नेलं, तशी दुसरी चिठ्ठीही नेता आली असती. कथेत ती दिसत नाही. म्हणून चकोरी, तुमचं मत मला पटतं. आधी वाटलं होतं विरोध करावा.

तिसरी घंटा

मला अर्धंच पटतं. लेखक ड्र्यूला विसरलेले नाहीत. मुलगा वाळवंटात एक टॅरँटुला पकडून बरणीत घालतो, तिथून तो भाग सुरू होतो. तो मेल्यावर बरणी टॉडच्या हाती लागते. आणि मालिका संपल्यावर सहा वर्षांनी आलेल्या चित्रपटात टॉडच्या घरी काचेच्या पेटीत एक टॅरँटुला आहे. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

चकोरी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जेसी पैसे शोधत पूर्ण घर उलथंपालथं करतो, तेव्हाही ती पेटी तिथेच असते ना?

तिसरी घंटा

हो, तिथेच. पाहणाऱ्याला तो पाळलेला कोळी. बरणी कोणाची होती हे माहीत असलेला शेवटचा माणूस त्याच खोलीत फ्रिजचं दार खोलत असतो.